नव्वद ग्रॅम

परवा थोरल्याचा पुण्याहून फोन आला. "आई, चटणीच्या पाकिटावर पाचशे ग्रॅम लिहिलंय आणि भरलंय चारशे दहा. फसवलं की गं तुला दुकानदारानं. पुढच्या वेळी दुसरीकडून घे." त्याने नुकताच तो काचेचा चपटा वजनकाटा घेतलाय. जिमवाल्याने सांगितल्यापासून पनीर, भात, दाणे सगळं मोजून खातो. मी म्हटलं, "हो रे, बघते," आणि फोन ठेवला.

दुकानदाराने फसवलं नव्हतं. ते नव्वद ग्रॅम मी खाल्ले होते.

ज्या माणसाकडून मी लग्न झाल्यापासून चटणी घेते, ज्याच्या काट्यावर एकदाही शंका घ्यायची वेळ आली नाही, त्याच्यावर माझ्यामुळे आळ आला आणि मी "बघते" म्हणून मोकळी झाले. हे मनाला फार लागलं. रात्री झोप येईना. म्हणून आज रविवारची दुपार गाठून लिहायला बसलेय. चटणीचं तर सांगायचंच आहे, पण एकदा धागा ओढला की सगळी वीण उसवत येते तसं झालंय. एक गोष्ट कबूल करायला गेले आणि मागून चार आल्या.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे टॉवेल डझनाने मोजतात, पण भाव किलोवर ठरतो. गठ्ठ्याच्या वजनात शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर मी गेटपास अडवते. आणि मीच घरी येऊन पोटच्या पोराच्या पाकिटातून चटणी काढते.

हे होतं कसं, ते सांगते. पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाला सुटते. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आमच्या चौघांच्या नावाची ही गाडी. सोलापुरातल्या ज्यांची पोरं पुण्यात नोकरीला आहेत त्या आयांच्या लेखी ती पिशव्यांचीही गाडी आहे. ओळखीचं कुणी ना कुणी पुण्याला जाणारं असतंच. त्यांच्या हाती कडक भाकरीची चवड, शेंगा चटणी, संक्रांतीच्या दिवसांत शेंगांच्या पोळ्या असं पाठवायचं. पिशवी आदल्या रात्री भरून ठेवावी लागते. आणि तिथंच माझा घात होतो.

साडेअकराला घरात निजानीज झालेली असते. ओट्यावरचा एकच दिवा चालू ठेवून मी पिशवी भरायला घेते. भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळते. मग चटणीचं पाकीट हातात येतं. दुकानात मशीनवर चिकटवलेलं असतं ते. वरच्या कडेला, चिकटवलेल्या रेघेच्या अगदी खालून मी ब्लेड फिरवते. आधी लसणाचा वास येतो, त्याच्यामागून भाजलेल्या दाण्याचा, आणि सगळ्यात शेवटी तिखट नाकात शिरतं. चांगल्या शेंगा चटणीची खूण अशी की ती भुरभुरत नाही. उखळात तेल सुटेस्तोवर कुटलेली असते, त्यामुळे चमचा घातला की लालभडक गोळाच वर येतो, आणि चमच्याच्या पाठीवर तेलाची चमक राहते. बाहेरगावी शेंगदाण्याची चटणी म्हणून जे देतात ते दाण्याचं तिखट कूट असतं. त्याला मी चटणी म्हणत नाही. तर तो गोळा जिभेवर ठेवायचा आणि चावायचा नाही. आधी मीठ लागतं, मग जिरं, मग तिखट हळूहळू कानापर्यंत चढतं, आणि पार शेवटी दाणा गोड लागतो. तो गोडपणा येईपर्यंत दम धरायचा. दम धरला की दुसरा चमचा घ्यावासा वाटतो. नव्वद ग्रॅम म्हणजे साधारण सहा चमचे झाले.

मग मेणबत्ती लावायची. हॅक्सॉचं जुनं पातं आहे माझ्याकडे, शिवणाच्या डब्यात ठेवलेलं. पाकिटाची कड त्या पात्याला लावून सूतभर बाहेर काढायची आणि ज्योतीच्या कडेकडेने झर्रकन न्यायची. हात थांबला की भोक पडलंच. ही विद्या माझ्या आईची. ती पापड, सांडगे करून विकायची, आणि पिशव्या अशाच मेणबत्तीवर बंद करायची. तिने ती चार पैसे मिळवायला वापरली आणि मी कशाला वापरतेय, हे प्रत्येक वेळी मनात येतं. आलं तरी पाकीट मी सफाईने बंद करते.

कुणी म्हणेल, घरात चटणी नाही का? आहे की. टेबलावर डबा भरलेला असतो. दही घालून, कधी कच्चं तेल घालून रोज खाते मी ती भाकरीशी. पण ती वाढून घेतलेली चटणी. सासूबाईंना कमी तिखट लागते, ह्यांना पथ्य आहे, धाकटीला वरून लिंबू हवं, या सगळ्यांचं बघून झालं की उरलेली माझ्या ताटात येते. रात्री ओट्याशी उभी राहून खाल्लेला चमचा मी कुणाचंही न बघता खाते. पोराच्या वाटणीतला असला तरी तो माझा असतो. हे चुकीचं आहे हे कळतं मला. पण गोड लागतं, ते खोटं कसं सांगू?

दुकानदाराचा आळ मात्र उतरवलाय. काल थोरल्याला फोन करून खरं सांगितलं. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, दर वेळी?" मी म्हटलं, "दर वेळी." "तरीच मला वाटायचं पाकिटाची कड काळी का असते."

आता पाण्याचं. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस म्हणजे सोलापुरात घरातल्या बाईचा अर्धा दिवस गेला. टाकी, पिंप, हंडे, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवतो आम्ही. त्रास आहे, नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना मोटारीपाशी ताटकळत बसायचं म्हणजे जीव नकोसा होतो. पण या त्रासातून मला एक सवलत मिळाली आहे आणि ती मी गेली कितीतरी वर्षं मनसोक्त वापरते. कुणाचं हळदीकुंकू आहे, कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून मदतीला बोलावलंय, सोसायटीची मीटिंग आहे, भिशी आहे. जायचं नसलं की मी म्हणते, "अगं आज पाणी यायचंय." सोलापुरात या वाक्यापुढे कुणी काही बोलू शकत नाही. लग्नाच्या अक्षतांना न येण्याचं कारण म्हणूनसुद्धा ते मान्य होतं. "हो का, मग राहू दे बाई," असं समोरचीच मला समजावते.

आणि पाणी आलेलं असतं आदल्या दिवशी. मी दार लोटून घेते, पंख्याखाली फरशीवर उशी टाकते आणि दुपारी दोन ते चार गाढ झोपते. फरशी पाठीला गार लागते. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत जातो, कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत असतो, आणि आपल्याला कुठंच जायचं नाही हे झोपेतही आठवून बरं वाटतं. एकदा मात्र पकडले गेले. जाऊबाईंना "पाणी आलंय" सांगून मी आडवी झाले, आणि त्या आमच्याच गल्लीतून रिक्षाने चालल्या होत्या. सगळ्या गल्लीत एक नळ वाजत नव्हता. त्यांनी दार वाजवलं, मी केस विस्कटलेल्या, गालावर उशीचे वळ उठलेल्या अवस्थेत दार उघडलं. त्या काही बोलल्या नाहीत. आत आल्या, दुसरी उशी घेतली आणि माझ्याशेजारी झोपल्या. सहा वाजता उठून आम्ही चहा केला आणि चुरमुऱ्याचा सुशीला. त्यांनाही त्या भिशीला जायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या नात्यात ती दुपार मला सगळ्यात जवळची वाटते.

पुढचं लिहिताना जरा हात अडखळतोय, कारण आमचे हे वाचतील. लिहितेच.

अहो, ती जुनी चादर मी बोहारणीला दिलेली नाही.

लग्नात मला एक चादर मिळाली होती. तिची गोष्ट पुढे येणारच आहे. मरून आणि पिवळी, मधे मोर, कडेला वेलबुट्टी, दोन्ही टोकांना झालर. आमच्या चादरीची गंमत अशी की उलटी केली की रंगही उलटतात. वर मरून जमिनीवर पिवळा मोर, खाली पिवळ्या जमिनीवर मरून मोर. जेकार्डवर विणलेलीच अशी असते, म्हणून तिला वाईट बाजू नाही. नवी असताना ती इतकी करकरीत आणि जड असते की अंगावर घेतली तर कूस बदलताना तीच आपल्याला बदलू देत नाही. पाच-सात वर्षं धुतली, उन्हात वाळली, पोरांनी तिचा तंबू केला, वाळवणाखाली अंथरली, की मग ती मऊ व्हायला लागते. माझी तर आता इतकी मऊ झालीय की मुठीत धरली तर मावते. मोराच्या पिसाऱ्याशी एक मोठं भोक आहे. पहाटे झोपेत मी त्या भोकात अंगठा अडकवून झोपते, मला कळतही नाही.

त्या भोकापायीच हे चिडायचे. पेटीत सहा नव्या चादरी घडी न मोडता पडल्यात आणि आपण हे फाटकं पांघरतो, पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील? त्यांचं चूक नाही. सोलापूरच्या घरात, जिथून चादरी जगभर गेल्या, ज्यांच्या नावाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथं फाटकी चादर शोभत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनी निक्षून सांगितलं, बोहारीण आली की ही द्यायची. मी हो म्हटलं. संध्याकाळी त्यांना नवं स्टीलचं पातेलं दाखवलं. ते पातेलं मी मधल्या मारुतीपाशी जाऊन रोख पैसे देऊन आणलं होतं. चादर माळ्यावर आहे, पाणी तापवायच्या जुन्या बंबात. हे गावाला गेले की मी शिडी लावते आणि ती काढते.

नव्या सहा चादरींचंही सांगून टाकते. त्या मी कुणासाठी म्हणून राखून ठेवलेल्या नाहीत. त्या मला बघायला आवडतात. वर्षातून तीन-चारदा पेटी उघडायची, डांबरगोळ्यांचा वास घ्यायचा, एकेकीवरून हात फिरवायचा, मोजायच्या आणि पेटी बंद करायची. पाहुण्यांनाही मी त्यातली काढून देत नाही, मधल्या वयाच्या वेगळ्या आहेत त्या देते. धाकटी म्हणते, "आई, चादर काय बघायची वस्तू आहे का?" तिला मागाचा खडखडाट ऐकत लहानपण काढावं लागलं नाही, म्हणून तिला तसं वाटतं.

गड्ड्याचं, म्हणजे यात्रेच्या वेळी मैदानात भरणाऱ्या जत्रेचं, थोडक्यात सांगेन म्हणते, पण थोडक्यात जमेल असं वाटत नाही.

दर जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला आमच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. सात नंदीध्वज, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, त्याची ती आठवण. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" असा पुकारा झाला की लाखो हात एकदम वर जातात आणि अक्षता पडतात. सगळं गाव त्या लग्नाचं वऱ्हाड असतं. मी सासूबाईंचा हात धरून दरवर्षी तिथं उभी असते. अंगावर काटा येतो, डोळे भरतात, ते खरंच आहे. आणि त्याच वेळी माझी नजर होम मैदानावरच्या आकाशपाळण्याकडे जात असते, हेही खरं आहे. सिद्धरामेश्वरांची मी मनात माफी मागते. त्यांनी तळं खोदलं, माणसांना राबायला शिकवलं, त्यांना माझ्यासारखीचं मन काय कळणार नाही?

पाळण्यात बसायला मी एकटी जाते. घरच्यांबरोबर गेलं की पिशव्या सांभाळत खाली उभं राहावं लागतं. म्हणून यात्रा संपल्यावर, गड्डा अजून मैदानात असताना, एका मधल्या वारी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. कारण लिहिते, बँकेचे काम. पाळणा वर गेला की एका बाजूला तळ्यातलं देऊळ दिसतं, त्याच्या पलीकडे भुईकोट किल्ल्याची भिंत. वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो आणि मी ओरडते. मोठ्यांदा, घसा फोडून ओरडते. एक्कावन्न वर्षांच्या बाईला मोठ्यांदा ओरडता येईल अशी दुसरी जागा मला सोलापुरात माहीत नाही. घरी ओरडलं तर भांडण समजतात, ऑफिसात तर प्रश्नच नाही. तिथं आजूबाजूचे सगळेच ओरडत असतात. माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू येत नाही.

यंदा उतरले तर पुढच्या पाळण्यातून आमचे शेठ उतरत होते, नातवाला कडेवर घेऊन. त्यांनी सकाळी सांगितलं होतं की हैदराबादच्या पार्टीला भेटायला चाललोय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "बँकेचं काम झालं का बाई?" मी म्हटलं, "झालं साहेब. पार्टी काय म्हणते?" ते नातवाकडे बघत म्हणाले, "अजून एक फेरी पाहिजे म्हणते."

आता राहिलं ते सगळ्यात जुनं.

मला तेलुगू कळतं. नुसतं कळत नाही, चांगलं कळतं. आणि हे मी चारचौघांत कधीच सांगितलं नाही.

माझे वडील शाळेत मास्तर होते आणि आम्ही साखर पेठेत भाड्याने राहायचो. पुढच्या-मागच्या सगळ्या घरांत पद्मशाली विणकर कुटुंबं. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या आधी इथं मागावर काम करायला आलेली. समोरच्या घरात खाली माग आणि वर माणसं. मागाचा आवाज थांबला की आम्हाला झोपेतून जाग यायची, इतका तो कानात बसला होता. दुपारी समोरच्या ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. पानाला कात्री लावायची, तंबाखू पसरायची, बोटांनी गोल फिरवायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हात एकीकडे आणि तोंड दुसरीकडे चालू. शाळेतून आले की मी त्यांच्यात जाऊन बसायची. घरमालकीण अव्वा मला शेजारी बसवून घ्यायच्या आणि खडीसाखर द्यायच्या. त्या बायकांच्या गप्पांतून माझ्या कानात तेलुगू कधी शिरलं, मलाही कळलं नाही. माझ्या लग्नातली ती मरून-पिवळी चादर अव्वांच्या मुलाने घरच्या मागावर विणून दिलेली आहे. आता कळलं असेल, ती बंबात का आहे.

लग्न होऊन मी शहराच्या दुसऱ्या टोकाला आले. इकडे मला तेलुगू येतं हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पहिल्यांदा चाटी गल्लीत साडी घ्यायला गेले तेव्हा मी काही ठरवून गप्प बसले नव्हते. दुकानदाराने साडी पसरली, मी भाव विचारला, त्याने सांगितला, मी नको म्हटलं. तो मागे गड्याला म्हणाला, "आमे तीस्कुंटदि. रेट तग्गिंचकु." म्हणजे, ही घेतेय, भाव कमी करू नको. मी काही न बोलता गादीवरून उठले, चपला घातल्या. पायरीपर्यंत पोचायच्या आत दोनशे रुपये कमी झाले.

त्या दिवसापासून मी तेच दुकान धरलं. माझ्या दोन्ही नणंदा, ऑफिसातल्या बायका, शेजारणी, ज्यांच्याकडे लग्न निघेल त्या मला बरोबर नेतात. "तुमच्या हाताला गुण आहे," म्हणतात. मी बसून राहते, चेहऱ्यावर काही दाखवत नाही. किती खाली येता येईल हे तो गड्याला सांगतो आणि मी बरोबर त्या आकड्यावर येऊन थांबते. त्याच्या पोटावर पाय येईल इतकं मी कधी पाडलं नाही, तो म्हणायचा त्याच्या वर पन्नास ठेवूनच मागितलं. तरी त्याचं न सांगायचं मी ऐकत होते, हे खरंच.

रिक्षातही तेच. सीटवर शेजारी दोघी बोलत असल्या की मी खिडकीबाहेर बघते आणि कान तिकडे देते. एकदा उतरायचं होतं सात रस्त्याला, पण गोष्ट अशा ठिकाणी आली होती की मी तशीच बसून आसरा चौकापर्यंत गेले, शेवट ऐकला आणि दुसऱ्या रिक्षाने परत आले. गोष्ट काय होती ते इथं लिहिणार नाही. ऐकलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. एवढं पथ्य पाळलंय.

गेल्या महिन्यात हे सगळं संपलं. भाचीच्या लग्नाचा बस्ता होता. आम्ही सहाजणी गादीवर बसलेलो, पुढ्यात साड्यांचा ढीग. आतून एक म्हातारी बाई काठी टेकत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "नुव्वु मास्तर बिड्डवा?" मास्तरांची पोर का तू?

मी ओळखलं. अव्वांची सून. ओट्यावर सगळ्यात भराभर विड्या वळणारी, मला कात्री धरायला शिकवणारी. दुकानदाराची ती मावशी निघाली. मी ठरवून काही बोलले नाही, तोंडातून आपसूक गेलं, "अवुनु अक्का." हो ताई. त्यांनी माझे दोन्ही गाल धरले. अव्वा कधी गेल्या, माग कधी विकले, कोण कुठं असतं, सगळं त्या सांगत होत्या आणि मी विचारत होते. किती वर्षांनी बोलत होते मी. शब्द अडखळतील असं वाटलं होतं, एकही अडखळला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "चद्दर उंदा?" चादर आहे का अजून? मी म्हटलं, "उंदि." आहे. आणि मला रडू आलं.

डोळे पुसून वर बघितलं तर दुकानदार साडीची घडी हातात धरून तसाच बसलेला. त्याच्या चेहऱ्यावरून इतक्या वर्षांच्या सगळ्या साड्या एकामागून एक जात होत्या. मी त्याची माफी मागितली, त्याच्या भाषेत. त्याने हात जोडले, हसला, सगळ्यांना चहा सांगितला. बस्त्याचं बिलही वाजवी लावलं. मावशींसमोर आम्हा दोघांनाही घासाघीस करवेना.

गेल्या आठवड्यात परत गेले होते, ब्लाउजपीस घ्यायला. त्याने "या अक्का" म्हणून तेलुगूत स्वागत केलं, मावशींची खुशाली सांगितली. मी भाव विचारला. त्याने सांगितला. मी जरा जास्त वाटतोय म्हटलं. तेव्हा तो गड्याकडे वळला आणि त्याच्याशी कानडीत बोलला.

कानडीत मला "ऊटा आयता" एवढंच येत होतं. जेवलात का. सोलापुरात तेवढं सगळ्यांनाच येतं. आमच्या पॅकिंगमधल्या एक मावशी अक्कलकोटकडच्या आहेत, घरी कानडीच बोलतात. सोमवारपासून दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याजवळ बसतेय. त्यांनी विचारलं, आधी काय शिकायचंय, आकडे का नाती? मी म्हटलं, आधी मला भाव कमी करू नको म्हणजे काय ते सांगा. त्यांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश सांगितलं, "रेट कडिमि माडब्याड."